गाडी कुठे लावायची?

पुण्यात पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हे ज्या त्या भागानं आपापलं ठरवून टाकलेलं असतं. सदाशिव पेठेतला माणूस विश्रामबागवाड्याकडे नेतो, कसब्यातला गणपतीला नेतो, पर्वतीच्या पायथ्याशी राहणारा तर काही न बोलता नुसती मान वर करतो. कोथरूडकरांना पूर्वी जरा जड जायचं, पण आता ते मेट्रो दाखवतात. कर्वेनगरच्या माणसाला मात्र ‘तुमच्याकडे बघण्यासारखं काय?’ असं विचारलं, की तो घसा साफ करतो आणि म्हणतो, “इथून सिंहगड जवळ आहे.”

हे खोटं नाही. राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रस्ता लागतो. रविवारी सकाळी निम्मं पुणं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला गडावर निघतं, त्यातलं बरंचसं आमच्या दारावरून हॉर्न वाजवत जातं. दुपारी तेच लोक तृप्त होऊन, तोच हॉर्न जरा मंद वाजवत परत येतात. थोडक्यात, पर्यटनाशी आमचा संबंध रस्त्याला असतो तेवढाच आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. यादीत सिंहगड नव्हता. आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळी बाकावर दुखवट्याचं वातावरण होतं. “तानाजीचा गड नाही म्हणजे काय? तिकडे कळवायला पाहिजे कुणीतरी,” असं एक काका म्हणाले. ‘तिकडे’ म्हणजे पॅरिसला. तळमजल्यावरच्या आजी तेवढ्यात दळण घेऊन येत होत्या. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “बरं झालं. आहे तेवढी गर्दी काय कमी आहे त्याला?” आणि लिफ्टकडे न बघता जिना चढून गेल्या. शाश्वत पर्यटनावरचे अहवाल माझ्या वाचनात अधूनमधून येतात, त्यांतल्या कुणालाही हे दोन वाक्यांत मांडता आलेलं नाही.

आमच्या सेक्रेटरींनी मात्र तो अपमान मनावर घेतला. दुसरे आपल्याला यादीत घेत नाहीत तर आपली यादी आपण करू, असं म्हणून त्यांनी लिफ्टशेजारी सूचना लावली: ‘आपला परिसर, आपला वारसा. पायी फेरी.’ महर्षी कर्व्यांच्या झोपडीपासून सुरुवात, मग टेकडीच्या पायथ्याची वनदेवी, आणि शेवटी राजाराम पुलावरून पलीकडे विठ्ठलवाडीचा विठोबा. अंतर म्हणाल तर डॉक्टरांनी मधुमेह्याला सांगितलेल्या चालण्याइतकं. सोसायटीच्या ग्रुपवर ती सूचना पडल्यावर पहिला प्रश्न आला, “गाडी कुठे लावायची?”

प्रश्न विचारणाऱ्याला मी दोष देणार नाही. पायी फेरीच्या सुरुवातीच्या ठिकाणापर्यंत चालत कसं जायचं, हा आपल्या काळातला खरोखर अवघड प्रश्न आहे. पण तो ज्या माणसाच्या नगरात विचारला गेला, त्याची मला गंमत वाटली.

ज्या अण्णा कर्व्यांच्या नावानं आमचे आधार कार्डांवरचे पत्ते चालतात, त्यांचं आम्ही काय करून ठेवलंय ते बघा. कर्वे रस्ता, कर्वे पुतळा, कर्वेनगर. बसमध्ये कंडक्टर ओरडतात, “कर्वे पुतळा, चला उतरा, उतरा!” आयुष्यभर ज्यांनी निराधार बायकांना ‘या, राहा’ म्हटलं, त्यांच्या नावावर माणसं धडाधड उतरतात. आणि सकाळ-संध्याकाळ ज्या रस्त्यावर इंच इंच पुढे सरकावं लागतं, तो रस्ता ज्याच्या नावावर आहे, तो माणूस चालत जायचा.

त्या वेळी हे कर्वेनगर नव्हतं. हे हिंगणे बुद्रुक. पुण्यापासून चार मैल, मुठेच्या काठचं गाव. अनाथ बालिकाश्रमाची मंडळी १८९६ मध्ये स्थापन झाली. शहरात प्लेगनं थैमान घातलेलं, आणि विधवांना शिकवणारं घर आपल्या शेजारी असावं असं शहरातल्या बहुतेकांना प्लेग नसतानाही वाटत नव्हतं. रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याला जमीन दिली, आणि १९०० मध्ये तिथं झोपडी बांधून आश्रम सुरू झाला. अण्णा तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. दिवसभर तिथं शिकवायचं, संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामानसुमान घेऊन चिखल तुडवत हिंगण्याला यायचं, पहाटे उठून परत जायचं. पावसाळ्यात ती वाट कशी असेल याची कल्पना करायला आजही फार कष्ट पडत नाहीत. आमच्याकडे खोदकाम चालू असलं की ती आपोआप येते.

त्याआधी १८९३ मध्ये अण्णांनी गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी पुनर्विवाह केला होता, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, सगळ्यांच्या बाया झाल्या. त्यांनी पुढे ‘माझे पुराण’ लिहिलं. आता ‘सांस्कृतिक वारसा’ म्हणून आम्ही ज्याच्यापासून फेरीची सुरुवात करणार, ते त्या वेळच्या संस्कृतीला नजरेआड हवं होतं. शहरात नको म्हणून ते चार मैल लांब गेलं. मग शहरच वाढत वाढत त्याच्यापर्यंत चालत आलं, त्याच्या नावाचं उपनगर झालं आणि आता आपल्या पूर्वजांनी केवढी थोर परंपरा जपली म्हणून फलक लावायला निघालं. वारशाचं हे असं असतं. जपणारे आणि हाकलणारे बरेचदा एकाच गोत्राचे निघतात, आणि फलक लावताना कुणी आडनाव विचारत नाही.

झोपडी अजून आहे, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात. ती जपून ठेवली आहे, पण तिच्याभोवतीचं आवार काही संग्रहालयासारखं गप्प बसलेलं नाही. तिथं शाळा आहे, वसतिगृह आहे, मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्यामुळे फाटकावर विचारून, आवाज खाली ठेवून आत जायचं. मी गेलो होतो तेव्हा पाठीवर सॅक, एका हातात जर्नल आणि तोंडात केसांचा क्लिप धरलेली एक मुलगी दुसऱ्या हातानं केस बांधत धावत चालली होती. प्रॅक्टिकलला उशीर झाला असावा. तिनं झोपडीच्या दिशेनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. अण्णांना ती माझ्यापेक्षा जास्त आवडली असती, याबद्दल मला शंका नाही. मी नुसता हात मागे बांधून उभा होतो आणि फोटोत खांब येत होता.

या झोपडीच्या गावात १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली होती, तिच्यावरून त्यांच्या डोक्यात हे आलं. तेच विद्यापीठ पुढे मुंबईला गेलं आणि आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. आमच्याकडून परदेशी जाण्याची प्रथाही आजची आहे असं कुणी समजू नये. बायांच्या बहीण पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. विधवा बाई, इंग्रजी बेताचं, वय पंचेचाळिशीच्या पुढचं. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी पैसा गोळा केला आणि परत आल्या. खुद्द अण्णा सत्तरी ओलांडल्यावर १९२९ मध्ये जगाच्या फेरीवर निघाले, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, जपान. बर्लिनला आइनस्टाइनला भेटले. सगळीकडे संस्थेबद्दल बोलायचं आणि झोळी पुढे करायची. सोसायटीतले काका मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन येतात ते तीन महिने तिथलं पाणी, तिथली शिस्त आणि तिथला कचऱ्याचा डबा यांवर बोलत असतात, पण झोळी काही कुणी पुढे केल्याचं ऐकिवात नाही.

तरी एक सांगतो. हिंगण्याचे ते प्रवासी जिथं गेले तिथून काही तरी घेऊन आले. आपण जातो तिथं काही तरी टाकून येतो. वेफर्सच्या पुड्यांवरून आमचं मार्गक्रमण कुठल्याही गडावर बिनचूक सांगता येईल.

वनदेवी ही कर्वेनगरची खरी जुनी रहिवासी. टेकडीच्या पायथ्याशी तिचं देऊळ, समोर अहोरात्र वाहणारा रस्ता. नवरात्रात नऊ दिवस रीघ लागते. रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगून काही होत नाही, ‘वनदेवीच्या पुढे’ म्हटलं की तो मीटर टाकतो. वन केव्हाच गेलं. देवी मात्र पत्त्यातली खूण होऊन राहिली.

पुण्यातल्या टेकड्या आठवून बघा. पर्वतीवर देवदेवेश्वर, वेताळ टेकडीवर वेताळ, तिकडे चतुःशृंगी आणि तळजाई, कोथरूडला म्हातोबा, इकडे वनदेवी. प्रत्येक उंचवट्यावर कुणी ना कुणी बसवून ठेवलेलं. आपल्या आधीच्या लोकांचं हे वनखातं होतं, असा माझा जुना संशय आहे. राखणदार नेमायचा, पगार नारळाचा, आणि बदली कधीच नाही. मुळशी-भोरकडे गेलं तर देवाच्या नावानं राखलेल्या देवराया अजून सापडतात. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया पायाखाली घालून त्यांचा अभ्यास केला. आजूबाजूचं रान साफ झालं तरी राईतली झाडं, वेली आणि राईच्या आधारानं टिकलेले झरे का शिल्लक राहिले, ते त्यांनी शास्त्राच्या भाषेत जगापुढे मांडलं. गावातल्या म्हातारीनं त्यांना कारण एका वाक्यात सांगितलं असतं, ‘देव कोपतो.’ हल्ली देव कोपत नाहीत. निदान बिल्डरांवर तरी कोपल्याचं दिसलेलं नाही.

पण टेकडी अजून टेकडी आहे. सकाळी वर फिरायला जाणाऱ्यांत काही जण घरून पाण्याच्या बाटल्या भरून नेतात आणि लावलेल्या रोपांना घालतात. एका निवृत्त गृहस्थांनी आपली तीन रोपं ठरवून घेतली आहेत, दुसऱ्यानं चुकून त्यांतल्या एकाला पाणी घातलं तर त्यांचा चेहरा उतरतो. माझ्या लेखी देवीचे खरे भोपे हेच. खाली आरती होते तेव्हा ते बहुधा वर असतात.

ओटीचंही तसंच. कुठल्याही देवळाबाहेर ओटीचं तयार पाकीट मिळतं. वरून सेलोफेन, आत नारळ, चौकोनी घडी घातलेला चमकता खण, चार हिरव्या बांगड्या, हळकुंड, सुपारी, बदाम, एक खारीक, आणि भावलीच्या केसांतूनही फिरणार नाही एवढी फणी. तोंडाला स्टेपलरच्या तीन पिना. ती खारीक इतक्या देवळांबाहेर मला भेटली आहे, की आता आमची ओळख झाल्यासारखी वाटते. तळमजल्यावरच्या आजी नवरात्रात वनदेवीला जातात ते कापडी पिशवी घेऊन. डब्यातले तांदूळ, घरचा नारळ, सुती खण. खण एकदा हातानं चोळून बघतात, मग ठेवतात. ओटी भरून झाली की पिशवी झटकून, घडी करून कमरेला. पिशवीवरचं कापड दुकानाचं नाव वाचता येत नाही इतकं धुऊन गेलंय. दुकानही बहुधा बंद पडलं असेल. देवीपुढे त्यांनी प्लास्टिक नेलं नाही ते पर्यावरणासाठी, असं कुणी म्हणालं तर त्या रागावतील. देवाला पाकीट कसं द्यायचं, एवढाच त्यांचा मुद्दा.

बाहेरच्या जगानं गर्दीवर आपापली औषधं काढली आहेत. व्हेनिसनं एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी नुसतं फिरायला येणाऱ्यांवर पाच युरो लावले. भूतान तर भारतीय पाहुण्याकडून दर रात्रीचे माणशी १२०० रुपये घेतो, आणि त्यातून डोंगर, रस्ते, दवाखाने बघतो. सेक्रेटरींना हे फार आवडलं. मलाही तत्त्व म्हणून पटलं, फक्त डोंबिवलीची मावशी आठ दिवस राहून गेली त्याचा हिशेब मनात आला आणि तिनं जाताना मुलांच्या हातावर ठेवलेले पैसे आठवून तो पुसून टाकला. आमच्याकडे पाहुण्याला कर लावायचा झाला तर तो पाहुणाच उलटा ठेवून जातो, अशी पंचाईत आहे.

शिवाय गर्दीनं जावं आणि तरी वाटेतल्या गावाला ते पाहुणेच वाटावेत, याचा मोठा नमुना आपल्या घरातच आहे. ज्या प्रदेशातली माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या इरावती कर्व्यांनी केली. त्या अण्णांच्या सूनबाई. स्वतः वारीत चालल्या आणि त्यावर लिहिलं. वारकऱ्याला हॉटेलचं रेटिंग लागत नाही, गाव त्याला पिठलं वाढतं आणि वर पायाही पडतं. वारी स्वच्छ असते असं मात्र मी म्हणणार नाही. पालखी पुढे गेल्यावर मागे पत्रावळी आणि बरंच काही उरायचं. निर्मल वारीवाले तात्पुरती स्वच्छतागृहं घेऊन बरोबर निघायला लागले, तेव्हा ते कमी झालं. लाखोंची श्रद्धाही शेवटी कुठे तरी बसायची सोय मागतेच.

ज्यांना पंढरपूर जमत नाही ते आषाढीला विठ्ठलवाडीला जातात. आमच्याकडून राजाराम पुलावरून पलीकडे उतरलं की आलंच. म्हणून फेरीचा शेवट तिथं. मधला पूल हाही एक प्रेक्षणीय भाग आहे. पुण्यातल्या बऱ्याच पुलांना महापालिकेनं उंच जाळ्या बसवल्या, निर्माल्य नदीत जाऊ नये म्हणून. एका पुलावर एक सद्गृहस्थ स्कूटर उभी करून, दोन पावलं मागे सरून, पिशवी डोक्यावरून गरगर फिरवून जाळीपलीकडे सोडताना मी पाहिलेत. त्या झोक्यातली लय बघता हातोडाफेकीत आपल्याला पदकं का मिळत नाहीत, हे कळत नाही. पिशवी पाण्यात पडल्यावर त्यांनी हात जोडले. गणपतीत घाटांवर ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायका उभ्या असतात, हात पुढे करून निर्माल्य मागून घेतात, दूर्वा एकीकडे, थर्माकोल एकीकडे. त्यांना हात जोडताना मात्र मी फारसं कुणाला पाहिलं नाही. नदीपेक्षा त्या जवळ उभ्या असतात, हे कारण असेल.

तर फेरीची बैठक परवा गच्चीवर झाली. एका उत्साही तरुणानं प्रत्येक ठिकाणी क्यूआर कोडचा फलक आणि वनदेवीजवळ सेल्फी पॉइंट सुचवला. “देवी फोटोत कशाला यायला हवी, ती काय लग्नाला आलीय?” असं आजी म्हणाल्या आणि तो विषय बारगळला. कुणीतरी नवरात्रात फेरी ठेवू म्हटलं, तर त्यावर गर्दीत आपण आणखी गर्दी कशाला, असं ठरून ती दसऱ्यानंतरच्या रविवारी नेली. झोपडीपाशी कुणी बोलायचं यावर वाद झाला, कारण चौघांना बोलायचं होतं आणि चौघांचंही ज्ञान अण्णा-बायांच्या आयुष्यावर बेतलेल्या ‘हिमालयाची सावली’ नाटकापर्यंत होतं. शेवटी संस्थेत शिकलेल्या आमच्याच सोसायटीतल्या एका सूनबाईंना विचारायचं ठरलं. त्या बैठकीला नव्हत्या, नोकरीवरून यायच्या होत्या.

गाडीचा प्रश्नही सुटला. गाडी आपल्याच पार्किंगमध्ये, आपल्याच जागेवर लावायची, असं सर्वानुमते मंजूर झालं. चहा-पोह्यांना कागदी डिश नको, येणाऱ्यानं आपापली ताटली आणि पेला आणावा, अशी नवी ओळ सेक्रेटरींनी सूचनेखाली वाढवली. काल पाहिलं तर तिच्याखाली कुणीतरी बॉलपेननं लिहून ठेवलंय, ‘धुवायचं कुठे?’

त्याखाली सेक्रेटरींचं लाल शाईतलं उत्तर आहे. ‘घरी.’